दोरी कुणाच्या हातात?

पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या व्यापारी घराण्यांत निर्णयाची एक ठरलेली वाट असते. गाळ्यावरचा विक्रेता मुनिमांना विचारतो, मुनीम धाकट्या भावाला, धाकटा भाऊ मोठ्या भावाला, आणि मोठे शेटजी मंदिरातून परतल्यावर 'हो' किंवा 'नको' एवढेच सांगतात. या वाटेला हसण्याचे काही कारण नाही. तिने घराण्यांची पत राखली, उधारी बुडू दिली नाही, मंदीच्या वर्षांत वेळीच हात आखडता घेतला. गिऱ्हाईक समोर उभे होते आणि माल वर्षानुवर्षे तोच होता, तोवर एका अनुभवी माणसाच्या डोक्यात सगळा धंदा मावत असे. आता तो मावत नाही. माप, वेष्टन, कराचे नियम, मालाची मागणी, मागवण्याची रीत, सारे काही महिन्यामहिन्याला पालटते. प्रश्न खालून वर जाऊन त्याचे उत्तर वरून खाली येईपर्यंत मूळ प्रश्नच बदललेला असतो.

अशा घराण्यातील पुढची पिढी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात शिकून येते, तेव्हा सोबत एक नवा शब्द आणते: 'अ‍ॅजाइल'. मराठीत त्याला चपळ किंवा लवचिक कार्यपद्धती म्हणता येईल. मोठे काम लहान तुकड्यांत करावे, दर दोन आठवड्यांनी झालेले काम गिऱ्हाइकाला दाखवावे, त्याच्या प्रतिक्रियेवरून पुढचा तुकडा ठरवावा, आणि हे सारे वेगवेगळ्या खात्यांतील माणसांच्या एका लहान गटाने मिळून करावे, एवढे तिचे सार आहे. कार्यालयात पांढरा फळा लागतो, त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या येतात, रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक सुरू होते. पहिले पंधरा दिवस उत्साहाचे जातात. तीन महिन्यांनी चिठ्ठ्यांचा डिंक सुकतो आणि त्या एकेक करून गळू लागतात. मुनीम मनातल्या मनात हसतात, मुलगा खट्टू होतो आणि वडील म्हणतात, ''आपल्याकडे हे चालायचे नाही.''

असे वारंवार का घडते, याचे उत्तर शोधताना कॅलिफोर्नियातील एका मोटार कारखान्याकडे वळावे लागते. मात्र त्या कारखान्याची गोष्ट मोटारीपासून सुरू होत नाही. ती कापडाच्या मागापासून सुरू होते, आणि तीही एका व्यापारी-कारखानदार घराण्यातच.

जपानमधील साकिची तोयोदा हे सुताराचे पुत्र. त्यांनी सारे आयुष्य मागात सुधारणा करण्यात घालवले. १९२४ साली त्यांनी सिद्ध केलेल्या स्वयंचलित मागाला वेग तर होताच, पण त्याचा एक गुण विशेष होता: ताण्यातला एखादा धागा तुटला की माग आपोआप थांबे. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको. तुटलेला धागा लक्षात न येता माग धावत राहिला, तर वारच्या वार कापड खराब निघते आणि ते पुढे व्यापाऱ्याच्या हाती गेल्यावर कळते. माग स्वतःच थांबू लागला, तेव्हा प्रत्येक मागापाशी पहारा देत उभे राहण्याची गरज उरली नाही आणि एक माणूस अनेक माग सांभाळू लागला. १९२९ साली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क घेतले. पुढच्या पिढीतील चिरंजीव किइचिरो मात्र मोटारीच्या नादी लागले. (धाकट्याने चालता धंदा सोडून भलत्याच व्यवसायात उडी घेण्याची ही तऱ्हा आपल्या घराण्यांनाही अपरिचित नाही.) १९३७ साली टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. घराण्याचे नाव तोयोदा आणि कंपनीचे टोयोटा, हा फरक त्यांनी जाणून केलेला आहे.

युद्धानंतर ही कंपनी बुडण्याच्या बेतात आली. १९५० साली कामगार कमी करण्याची वेळ आली, मोठा संप झाला आणि अखेर किइचिरो यांनी स्वतःच अध्यक्षपद सोडले. कामगारांना घरी पाठवायचे तर मालकानेही खुर्ची सोडायची, हा प्रसंग त्या कंपनीच्या स्मृतीत खोलवर रुतला. पुढे तेथे जे घडले त्यामागे ही आठवण आहे. ताइइची ओनो हे मूळचे या घराण्याच्या कापड व्यवसायातले. १९४३ साली ते मोटार कंपनीत आले आणि मागाचा नियम त्यांनी मोटारीच्या जोडणीला लावला: दोष दिसला की थांबा. मागात थांबवणारे यंत्र होते, येथे थांबवणारा माणूस झाला. जोडणीच्या रांगेवर कामगाराच्या हाताला पोचेल अशी एक दोरी टांगली गेली. जो कामगार सर्वांत खालच्या पायरीवर आहे, त्याला सारा कारखाना थांबवण्याचा अधिकार मिळाला.

आता कॅलिफोर्नियाकडे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. अमेरिकेतील मोटार उद्योगात त्याची ख्याती अत्यंत वाईट होती. रोज सुमारे पाचातला एक कामगार गैरहजर असे. कारखान्यातच दारू आणि जुगार चाले. संघटनेने नोंदवलेल्या हजारो तक्रारी निकालाविना पडून असत. रागावलेले कामगार गाडीच्या दाराच्या पोकळीत मुद्दाम रिकामी बाटली टाकून ठेवीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कानाशी ती कायम खडखडत राहावी. व्यवस्थापन आणि कामगार एकमेकांकडे शत्रूसारखे पाहत.

त्या कारखान्यात एकच नियम अलंघ्य होता: रांग थांबता कामा नये. गाडीला चुकीचा सुटा भाग बसला, एखादा स्क्रू राहिला, तरी गाडी पुढे जाऊ द्यायची. दोष नंतर मागच्या अंगणात दुरुस्त करायचे. कामगाराने रांग थांबवली तर नोकरीवर बेतण्याची भीती. अर्थात दोष पाहणारे डोळे हळूहळू पाहणे सोडून देतात, कारण पाहून उपयोग नसतो. १९८२ साली हा कारखाना बंद पडला आणि हजारोंच्या हातचे काम गेले.

पुढच्याच वर्षी जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्यात करार झाला. एकीला लहान मोटारी चांगल्या कशा बनवाव्यात हे शिकायचे होते. दुसरीला आपली पद्धत अमेरिकन कामगारांत रुजते का, हे पाहायचे होते. त्याच इमारतीत 'न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग', संक्षेपाने 'नुम्मी', ही संयुक्त कंपनी सुरू झाली. पैसा दोघींचा, कारभार टोयोटाचा. अध्यक्ष म्हणून तोयोदा घराण्यातील तात्सुरो तोयोदा आले. संघटनेशी झालेल्या समझोत्यानुसार भरती जुन्याच कामगारांतून झाली. सुरुवातीच्या कामगारांत सुमारे पंचाऐंशी टक्के माणसे बंद पडलेल्या कारखान्यातली होती. संघटनाही तीच राहिली. ज्यांच्यामुळे कारखाना बुडाला असे व्यवस्थापन उघड म्हणत होते, तीच माणसे पुन्हा त्याच छताखाली आली.

गटप्रमुख म्हणून निवडलेल्या शेकडो जणांना तुकड्या-तुकड्यांनी जपानमधील ताकाओका कारखान्यात काही आठवड्यांसाठी पाठवण्यात आले. तेथे त्यांना व्याख्याने कमी मिळाली. त्यांना रांगेवर जपानी कामगारांच्या शेजारी उभे केले गेले. एखाद्याचा हात मागे पडला की शेजारचा किंवा गटप्रमुख येई आणि मदत लागेल का असे विचारी. ज्यांनी आयुष्यभर चुकीबद्दल फक्त शिव्या खाल्ल्या होत्या, त्या अमेरिकन कामगारांना या साध्या प्रश्नाचे अप्रूप वाटले. परतताना त्यांनी बरोबर आणला तो हा अनुभव, आणि त्याचाच पुढे उपयोग झाला.

डिसेंबर १९८४ मध्ये फ्रीमाँटमधून नव्या गाड्या बाहेर पडू लागल्या. येथे दोरीचे काम कसे चाले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण पुढे अनेकांनी तिची नक्कल करताना नेमका हा बारकावा गाळला. कामगाराने दोरी ओढली की रांग त्याच क्षणी थांबत नसे. एक सूर वाजू लागे आणि फलकावर त्या जागेचा दिवा लागे. गटप्रमुख लगेच येई. गाडी पुढच्या ठरावीक खुणेपर्यंत सरकण्याआधी अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून इशारा बंद केला जाई आणि रांग अखंड चाले. सुटली नाही तरच ती थांबे. म्हणजे दोरी हे मुळात मदत मागण्याचे साधन होते. तिच्या दुसऱ्या टोकाला येणारा माणूस होता, आणि 'बोलावल्यावर जाणे' हेच त्याचे मुख्य काम होते. पाच-सहा कामगारांमागे असा एक गटप्रमुख ठेवणे खर्चाचे असते. हिशेबनीस त्याला वायफळ खर्च म्हणेल. पण मदतीला येणाराच कुणी नसेल, तर दोरी टांगणे ही कामगाराची थट्टा ठरते.

दुसरी गोष्ट स्टॉपवॉचची. जुन्या कारखान्यात अभियंता घड्याळ घेऊन कामगाराच्या मागे उभा राही आणि त्याच्या प्रत्येक हालचालीला सेकंद ठरवून देई. नुम्मीत ते घड्याळ कामगारांच्या हाती आले. गटातील माणसे एकमेकांचे काम मोजत, कोणती हालचाल व्यर्थ आहे हे ठरवत आणि कामाची रीत स्वतः लिहीत. रीत काटेकोरच होती. शिस्त मुळीच सैल झाली नाही, उलट वाढली. तिचा लेखक तेवढा बदलला होता. लवचिक पद्धत म्हणजे मोकळे रान, असा समज असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. व्यवस्थापकांचे वेगळे उपाहारगृह गेले, त्यांच्यासाठी राखलेल्या गाड्या लावण्याच्या जागा गेल्या. उत्पादन कामगारांच्या असंख्य वर्गवाऱ्या मोडून एकच वर्ग झाला.

गैरहजेरी वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. गाड्यांचा दर्जा जपानमधील ताकाओका कारखान्याच्या तोडीचा ठरला. माणसे तीच, इमारत तीच, संघटना तीच. हे सारे जादूसारखे वाटले, तरी खरी परीक्षा १९८८ च्या सुमारास झाली. गाडीची विक्री घसरली आणि कारखान्याची क्षमता मोठ्या प्रमाणावर रिकामी राहू लागली. पूर्वीच्या रीतीनुसार अशा वेळी शेकडो माणसे घरी गेली असती. व्यवस्थापनाने करारात शब्द दिला होता की कंपनीच्या अस्तित्वावर गदा आल्याखेरीज कपात होणार नाही, आणि त्याआधी वरिष्ठांचे पगार कापले जातील. तो शब्द पाळला गेला. रिकाम्या माणसांना प्रशिक्षणात आणि सुधारणेच्या कामांत गुंतवण्यात आले. सुधारणा सुचवली तर आपलेच काम जाईल ही भीती या एका वर्षाने मोडली. साऱ्या सभा-व्याख्यानांना ते जमले नसते.

इतके यश डोळ्यांसमोर असताना जनरल मोटर्सने ते आपल्या इतर कारखान्यांत सहज नेले असेल, असे कुणालाही वाटेल. तसे झाले नाही. एका वरिष्ठाने तर नुम्मीच्या प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे काढून हुबेहूब तसेच उभारण्याचा हुकूम सोडला, अशी हकीकत सांगितली जाते. छायाचित्रात दोरी आली, दिवे आले, फलक आले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात १९८७ साली गटपद्धती आणली गेली. कामगारांत दुफळी माजली. काहींना तो संघटना फोडण्याचा डाव वाटला. फोरमन मंडळींनी आपला रुबाब सोडला नाही. रांग किती वेळ थांबली यावरच वरिष्ठांचे मूल्यमापन होत राहिले, म्हणून दोरी ओढणारा पुन्हा अपराधीच ठरला. १९९२ साली हा कारखानाही बंद झाला. नुम्मीत जाऊन शिकून आलेले तरुण व्यवस्थापक आपल्या मूळ कंपनीत परतले, तेव्हा त्यांचे ऐकून घेण्यास फारसे कुणी उत्सुक नव्हते. ते जाणते होते, पण विखुरलेले होते. जनरल मोटर्सने पुढे ही पद्धत आत्मसात केली खरी, पण त्यात वर्षांमागून वर्षे गेली. २००९ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली, नुम्मीतून बाहेर पडली, आणि एप्रिल २०१० मध्ये टोयोटानेही तेथील काम थांबवले. आज त्या इमारतीत टेस्लाच्या मोटारी बनतात.

मोटारीच्या या गोष्टीचा संगणकाच्या क्षेत्रातून आलेल्या 'अ‍ॅजाइल' शब्दाशी संबंध काय, असा प्रश्न येथे पडेल. संबंध सरळ आहे. १९८६ साली हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स अशा कंपन्यांत नवे उत्पादन कसे घडते यावर एक लेख लिहिला. रिले शर्यतीत एक धावपटू आपला टप्पा संपवून काठी दुसऱ्याच्या हाती देतो, तसे एका खात्याने काम संपवून दुसऱ्याकडे सरकवण्याऐवजी रग्बीच्या संघाप्रमाणे सर्वांनी मिळून चेंडू पुढे न्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. रग्बीतील 'स्क्रम' हा शब्द तेथूनच अमेरिकेतील संगणक अभियंत्यांनी उचलला. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जण जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा तयार केला. कागदावरच्या आराखड्यापेक्षा चालते काम आणि कराराच्या कलमांपेक्षा गिऱ्हाइकाशी संवाद मोलाचा, असा त्याचा आशय. अ‍ॅजाइल हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

जुन्या वळणाच्या संस्थेत ही पद्धत आल्यावर काय होते, याचे एक उदाहरण अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडते: अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेत. तेथे सारे तपासाचे कागद फायलींत होते. ते संगणकावर आणण्याचा पहिला प्रयत्न सुमारे सतरा कोटी डॉलर खर्चून २००५ साली गुंडाळावा लागला. दुसरा प्रयत्न एका बड्या कंत्राटदाराकडे सोपवला गेला. त्याचा आराखडा भक्कम होता आणि टप्पे ठरलेले होते. २०१० पर्यंत चाळीस कोटी डॉलर खर्च झाले आणि चारांपैकी दोनच टप्पे पुरे झाले. तेव्हा संस्थेने काम स्वतःच्या हाती घेतले, माणसे मोठ्या प्रमाणात कमी केली आणि दर दोन आठवड्यांनी तयार झालेला भाग प्रत्यक्ष दाखवण्याची शिस्त घातली. २०१२ च्या जुलैत ती प्रणाली कामास लागली. येथेही दोन आठवड्यांच्या मुदतीत काही मंत्र नव्हता. पूर्वी वाईट बातमी वर पोचायला वर्ष लागे, आता ती चौदा दिवसांत सर्वांसमोर येऊ लागली, आणि ती आणणाऱ्याला शिक्षा झाली नाही.

महाराष्ट्रातही असा एक दाखला आहे, आणि तो सॉफ्टवेअरचा नाही. १९९० च्या दशकात महिंद्रा अँड महिंद्राची ओळख जीपच्या वंशातील गाड्या आणि ट्रॅक्टर अशी होती. सर्वस्वी नवी गाडी स्वतः घडवण्याचा अनुभव कंपनीला नव्हता. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातून १९९३ साली परतलेले पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली सुमारे १२० जणांचा चमू नाशिकला काम करू लागला. आरेखन, उत्पादन, खरेदी, विपणन अशा वेगवेगळ्या खात्यांतील तरुण माणसे लहान संमिश्र गटांत एकत्र बसवली गेली. सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या हाती तयार आराखडा देऊन भाव विचारण्याची रूढ रीत बाजूला ठेवून त्यांना आरंभापासूनच रचनेत सहभागी करून घेतले, आपापल्या भागाची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. २००२ साली 'स्कॉर्पिओ' बाजारात आली. सहाशे कोटींच्या आसपासचा तिचा खर्च जागतिक मोटार उद्योगाच्या मानाने अत्यल्प होता. या गोष्टीत कंपनीच्या वरिष्ठांचा वाटा कोणता? त्यांनी चमूला पैसा दिला, मुदत दिली आणि मधल्या काळात रोजच्या निर्णयांत हात घातला नाही. एका जुन्या कंपनीला हे तिसरे देणे सर्वांत जड जाते.

आता पुन्हा आपल्या घराण्यांकडे, त्या गळून पडलेल्या चिठ्ठ्यांकडे.

समजा, मसाल्यांचा व्यवसाय आहे आणि चहा मसाल्याचे पन्नास ग्रॅमचे नवे पाकीट काढायचे आहे. रुळलेल्या रीतीने शेटजी नमुना मंजूर करतात, छापील पिशव्या लाखाच्या हिशेबात मागवल्या जातात कारण त्या स्वस्त पडतात, आणि दिवाळीच्या तोंडावर कळते की पिशवीची वरची सील गाडीच्या धक्क्याने सुटते. पॅकिंगला बसणाऱ्या बायकांना हे पहिल्याच दिवशी दिसलेले असते. त्यांना विचारलेले नसते. लवचिक रीतीत यंत्रावरचा एक, विक्रीतला एक, हिशेबातला एक आणि पॅकिंगमधली एक अशा चौघांना दोन आठवडे देऊन दोनशे पाकिटे करायला सांगतात. ती एकाच पेठेतील तीन दुकानांत ठेवायची, दुकानदार काय म्हणतो ते ऐकून यायचे आणि मग पुढचे दोनशे. पिशवी महाग पडते हे खरे. पण लाख पिशव्या रद्दीत घालण्याच्या मानाने ती फारच स्वस्त.

हे करताना कोणते अधिकार खाली द्यायचे आणि कोणते राखायचे, हे मात्र आधी स्पष्ट बोलले पाहिजे. भांडवल किती अडकवायचे, कुणाला उधार द्यायचे, मालात काय कधीही मिसळायचे नाही, या गोष्टी ज्येष्ठांच्याच हाती शोभतात. त्यामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो दोन आठवड्यांत कमावता येत नाही. रंग, वेष्टन, ठरावीक रकमेपर्यंतची खरेदी, दुकानदाराची तक्रार मिटवणे, हे गटाकडे जावे आणि गेल्यावर परत मागू नये. शिवाय प्रत्येक काम प्रयोगाला लायक नसते. बॉयलरची सुरक्षा, औषधाचे प्रमाण, कराचे विवरणपत्र यांत 'करून पाहू' चालत नाही. तेथे जुनी काटेकोर रीतच हवी. ज्या सल्लागारांना हा भेद करता येत नाही, त्यांना फी देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मुनीम आणि फोरमन यांचा विचार बहुधा कुणीच करीत नाही. बदलाला सर्वाधिक विरोध त्यांच्याकडून होतो, आणि तो आडमुठेपणा नसतो. तीस वर्षे त्यांची किंमत त्यांच्या माहितीत होती. कोणता माल कुठे पडला आहे, कोणत्या दुकानदाराचा धनादेश परततो, हे फक्त त्यांना ठाऊक असे. ती माहिती फळ्यावर सर्वांसमोर आली की आपण उरलो कशाला, असे त्यांना वाटते. व्हॅन नाइसच्या फोरमनांना हेच वाटले होते. फ्रीमाँटमध्ये त्यांच्यासाठी नवे काम तयार होते: दोरी ओढली की जायचे. मुनिमांना असे काम आणि नोकरीची शाश्वती दोन्ही फळा लावण्याआधी, शक्यतो लेखी, मिळायला हवे. घरातील सनदी लेखापाल झालेल्या सुनेचेही असेच. तिला पेढीवर बोलावले जाते ते विवरणपत्राच्या महिन्यापुरते, आणि मग तिच्याकडून नव्या कल्पना का येत नाहीत, याचे आश्चर्य व्यक्त होते.

सकाळच्या त्या उभ्या बैठकीत शेटजींनी बसावे की नाही, हा लहानसा वाटणारा प्रश्न आहे. ते बसले आणि आधी बोलले, तर बैठक हजेरीची होते. प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहून 'सगळे वेळेवर आहे' असे सांगतो. ते अजिबात आले नाहीत, तर हा पोराचा खेळ आहे असा अर्थ निघतो. जेथे ही पद्धत टिकते तेथे ज्येष्ठ दोन आठवड्यांतून एकदा येतात, झालेले काम हातात घेऊन पाहतात, आणि सर्वांचे बोलून झाल्यावर एखादा प्रश्न विचारतात.

पहिल्यांदा दोरी ओढली जाते ती सोयीच्या दिवशी नव्हे. मालाचा ट्रक दारात उभा असतो, चालक खोळंब्याचे पैसे मागत असतो, नागपूरच्या व्यापाऱ्याला पोचवण्याचा शब्द स्वतः शेटजींनी दिलेला असतो. अशा वेळी पॅकिंगमधली एखादी मुलगी म्हणते की खालच्या थरातील खोक्यांची सील धरलेली नाही, माल उतरवावा लागेल. मुनीम, फोरमन, हमाल, मुलगा, सारे काम थांबवून शेटजींच्या तोंडाकडे पाहू लागतात.